‘ढ’ म्हणविली जाणारी मुले आणि त्यांचे आईबाप

संपादक मंडळाने आमच्याकडे ‘चळवळ आणि शिक्षण’ या विषयावर लेख मागितला होता. इतिहासाच्या शिक्षकाकडे असेच काही मागितले जाते आणि गेल्या अनेक वर्षांत आम्ही ते दिलेही आहे. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, परळच्या दामोदर हॉलमधील तिची कचेरी, १९२५ चे सोलापूरचे वसतिगृह, १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय, हा सारा क्रम या स्मरणिकेच्या वाचकांना तोंडपाठ आहे. म्हणून या खेपेस संपादकांची क्षमा मागून आम्ही विषय बदलला.

कोणत्याही शाळेची स्मरणिका उघडा. मध्यावर गुळगुळीत कागदावर गुणवंतांची छायाचित्रे असतात. दहावीत प्रथम, स्पर्धा परीक्षेत उत्तीर्ण, अमुक जिल्ह्यात अधिकारी, तमुक महाविद्यालयात प्राध्यापक. आपल्या समाजात त्या पानांचे मोल काय आहे, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओसरीवर बसावे लागले, त्यांच्या नातवाचा फोटो छापून येतो तेव्हा घरची म्हातारी माणसे त्या पानावरून हात फिरवितात. आम्ही याच शाळेच्या वसतिगृहात वाढलो आणि आमचाही एक फोटो कोणत्यातरी जुन्या अंकात आहे. परंतु ज्यांचे छायाचित्र त्या पानावर कधी येणार नाही अशी मुलेही याच बाकांवर बसून गेली आहेत. त्यांच्या आईबापांच्या मनात काय चालते याविषयी लिहावे असे वाटले. आम्ही त्यांच्यापैकीच एक आहोत.

आमचा धाकटा मुलगा २००१ चा. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत तो वाढला. बोलण्यात तरबेज. चाळीतल्या प्रत्येक मजल्यावरच्या प्रत्येक घरात कोण राहते, कोणाचे गाव कोणते, हे त्याला पाच वर्षांचा असतानाच ठाऊक होते. पाणी चढविण्याचा पंप बिघडला की तो मिस्त्रीच्या शेजारी उकिडवा बसे आणि पुढच्या वेळी मिस्त्रीला आठवण करून देई की मागे ह्याच जागी वॉशर गेला होता. असे मूल शाळेत मागे पडेल अशी शंका कोणास यावी? पहिली गेली, दुसरी गेली. तिसरीत वर्गशिक्षिकेने बोलावून घेतले. वही उघडून आमच्यापुढे ठेवली. अक्षरांना ओळ नव्हती, वेलांट्या वाटेल तिकडे गेल्या होत्या, आणि पहिल्या पानावर, जिथे मुले नाव, इयत्ता आणि इतर माहिती लिहितात, तिथे लिहिले होते, ‘ध्रम - बौद्ध’.

मराठीतला ‘र’ हा मोठा बहुरूपी. कुठे तो अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, कुठे पायाशी तिरकी रेघ होतो, कुठे ‘ट्र’सारखा खाली छपरीसारखा लागतो, तर ‘ऱ्या’मध्ये आणखीनच निराळा. रफार उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षरावर चढतो. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी काढावी लागते. बहुतेक मुले हे सारे केव्हा शिकली हे त्यांनाही सांगता येत नाही. काही मुलांना मात्र ते काही केल्या जमत नाही, कारण ध्वनी आणि खूण यांची सांगड घालण्याचे मेंदूचे काम त्यांच्याकडे वेगळ्या रीतीने चालते. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ ही त्यांच्या लेखी एकाच ऐवजाची दोन गाठोडी असतात. आज आम्ही हे शांतपणे लिहितो आहोत. त्या संध्याकाळी घरी येऊन आम्ही मुलाला ‘धर्म’ शंभर वेळा लिहावयास बसविले, आणि विसाव्या ओळीपाशी पुन्हा ‘ध्रम’ झाले तेव्हा त्याच्या थोबाडीत दिली. त्या वर्षात असे दोनदा घडले.

पुढे बऱ्याच वर्षांनी अकरावीच्या मुलांसाठी अशोकाच्या लेखांची टिपणे काढताना शाहबाजगढीचा शिलालेख पुन्हा वाचनात आला. आजच्या पाकिस्तानातल्या मर्दानजवळचा, खरोष्ठी लिपीतला, उजवीकडून डावीकडे लिहिलेला. त्यात राजा स्वतःला ‘प्रियद्रशि’ म्हणवितो आणि धर्माला ‘ध्रम’. एम.ए.ला असताना हे आम्ही पाठ केले होते, त्यावर गुणही मिळविले होते. देवानांप्रियाच्या लेखनिकाने दगडात कोरले ते अभ्यासाचे साधन, आणि आठ वर्षांच्या पोराने वहीत लिहिले ते थोबाडीत देण्याजोगे. गांधार प्रदेशाची ती लेखनरूढी होती आणि आमच्या मुलाची ती अडचण होती, दोन्ही गोष्टी एक नव्हेत हे आम्हांस कळते. तरीही टिपणाचा तो कागद त्या दिवशी पुढे सरकला नाही.

‘ढ’ या शब्दाचीही गोष्ट अशीच. मंद विद्यार्थ्याला मराठीत ‘ढ’ का म्हणतात, याचे एक स्पष्टीकरण शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत सर्व अक्षरे बदलत गेली, एकटा ‘ढ’ होता तसाच राहिला, म्हणून जो शिकून बदलत नाही तो ‘ढ’. शब्दाची व्युत्पत्ती खरोखर हीच की नाही हे भाषेच्या जाणकारांनी ठरवावे. अक्षर मात्र फारसे बदललेले नाही हे खरे, अशोकाच्या ब्राह्मीतला ‘ढ’ आजच्या पहिलीतल्या मुलालाही ओळखता येईल. हा विनोद आम्ही स्वतः वर्गात सांगत असू आणि सांगताना एखाद्या मागच्या बाकाकडे नजरही टाकीत असू. तीस वर्षांच्या नोकरीत अशी किती मुले आमच्या नजरेखालून खाली मान घालून गेली, याचा हिशेब आमच्यापाशी नाही.

व्यंग दिसते तेव्हा समाज निदान वाट देतो. काठी, कुबडी, कानातले यंत्र पाहून लोक लोकलमध्ये जागा करून देतात. ज्याचे वेगळेपण मेंदूत आहे, चेहऱ्यावर नाही, त्याला कोणतीच वाट मिळत नाही. ते मूल हसते, धावते, गाणी म्हणते. मग लिहावयाच्या वेळी ते टाळाटाळ करते असाच अर्थ निघतो. आळशी, मस्तीखोर, लाडावलेला, उद्धट. आणि ही विशेषणे मुलाला चिकटून तिथेच थांबत नाहीत. त्याच्या आईकडे पाहून शेजारीण म्हणते, ‘घरात लक्ष द्यायला हवं हो.’ गरोदरपणी लोहाच्या गोळ्या आठवणीने घेतल्या होत्या का, सहाव्या महिन्यात गावच्या बसचे धक्के बसले होते त्याने काही झाले का, असे शोध घेत मुलाच्या आईने कित्येक रात्री घालविल्या. आम्ही बाप म्हणून काय केले? शिकवण्या बदलल्या. तीन बदलल्या. चौथ्या शिकवणीचे पैसे भरून आलो त्या दिवशी मोठ्या मुलीचा चौथीचा निकाल होता. ती वर्गात दुसरी आली होती आणि आम्ही जेवताना धाकट्याच्याच शुद्धलेखनाबद्दल बोलत होतो. ही गोष्ट तिने आम्हांस ती पदवीधर झाल्यावर सांगितली, तीही हसत हसत.

आपल्या घरांत या दुःखाला आणखी एक पदर आहे, आणि तो इतरांच्या पुस्तकांत लिहिलेला आम्हांस कुठे आढळला नाही. आपल्याकडे शिक्षण हे केवळ पोट भरण्याचे साधन नव्हे. ते बाबासाहेबांचे ऋण आहे. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या खोलीत रात्र रात्र वाचीत बसलेल्या बाबासाहेबांचे चित्र प्रत्येक आईबापाच्या डोळ्यांपुढे असते आणि ते मुलापुढे धरले जाते. ‘त्यांच्याकडे दिवा नव्हता, तुझ्याकडे ट्यूबलाइट आहे,’ हे वाक्य आम्ही आमच्या वडिलांकडून ऐकले आणि आमच्या मुलाला ऐकविले. ज्या मुलाला दिवा असूनही अक्षर स्थिर दिसत नाही, त्याच्या मनात या वाक्याने काय होत असेल? त्याला असे वाटू लागते की आपण नापास होत नसून कोणाचातरी विश्वासघात करीत आहोत. आमच्या धाकट्याने एकदा भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून आईला विचारले होते, ‘ते माझ्यावर रागावलेत का?’

दुसरी भीती बाहेरची. ‘यांच्यात असंच असतं, बुद्धीच कमी’, हे शेकडो वर्षे ऐकलेल्या समाजाला आपल्या एका मुलाविषयी मेंदू हा शब्द उच्चारणेही जड जाते. आमच्या एका पालकाला, शिवडीकडे हमाली करणाऱ्या गृहस्थाला, आम्ही मुलाची तपासणी करून दाखला घ्या असे सुचविले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, एक दाखला जन्मापासून आहेच की पोराच्या मागं. आता हा दुसरा कशाला?’ आम्ही त्याला उत्तर दिले ते कायद्याचे होते. त्याने विचारलेला प्रश्न कायद्याचा नव्हता.

तरी कायद्याची बाजू सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमतेला किंवा स्वमग्नतेला स्थान नव्हते. स्वमग्नता १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकारांची संख्या एकवीसवर नेली आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता या दोहोंचा त्यात समावेश केला. ठरावीक प्रमाणात अक्षमता असलेल्यांसाठी उच्च शिक्षणात किमान पाच टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा त्याने राखून ठेवल्या. त्यांपैकी एक टक्का अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अक्षमता अशा सर्वांसाठी मिळून आहे. महाराष्ट्र मात्र या बाबतीत कायद्याच्या आधीच जागा झाला होता. नव्वदीच्या दशकात मुंबईत पालक आणि डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरला, १९९६ मध्ये महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, आणि शालान्त परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांची सूट, एखाद्या भाषेऐवजी किंवा बीजगणित-भूमितीऐवजी सोपा पर्याय अशा सवलती मिळू लागल्या. दाखला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातून, नायरमधून मिळतो, हे दादर-परळच्या इंग्रजी शाळांतल्या पालकांना तेव्हापासून माहीत होते. २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला आणि ते साऱ्या शहराला माहीत झाले. (त्या चित्रपटातल्या बापाने मुलाला शिस्त लागावी म्हणून निवासी शाळेत टाकले होते, ही गोष्ट निवासी शाळेच्या स्मरणिकेत नमूद करणे आम्हांस गरजेचे वाटते.)

आमच्या भागातल्या मराठी शाळांत मात्र तो चित्रपट पाहून रडलेले शिक्षकही दुसऱ्या दिवशी वर्गात ‘ढ’ म्हणतच राहिले, आम्ही धरून. त्याला एक सबळ कारणही होते. अध्ययन अक्षमता शोधण्याच्या बहुतेक चाचण्या इंग्रजीत होत्या. ज्या मुलाने इंग्रजी धड ऐकलेलेही नाही, त्याचे इंग्रजी वाचन तपासून काय ठरवावयाचे? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कानडी या भाषांसाठी चाचण्या तयार केल्या, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. आश्चर्य असे की बुद्धिमापनाच्या बाबतीत मराठी मुलांचा विचार फार पूर्वी झाला होता. पॅरिसमध्ये बिने यांनी १९०५ साली पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना मदत मिळावी म्हणून. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या कानडी आणि मराठी मुलांवर प्रयोग करून ती आपल्याकडे आणली आणि १९४० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत चाचणी आजही रुग्णालयांत वापरली जाते. मदतीसाठी निघालेली ही मोजपट्टी जगात अनेक ठिकाणी माणसांची उतरंड लावण्यासाठी वापरली गेली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. पण म्हणून मोजपट्टी टाकून द्यावी असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या मुलाला दाखला मिळण्यास दीड वर्ष लागले. महापालिकेच्या एका रुग्णालयात आधी डोळे, मग कान, मग बुद्धिमापन, मग वाचन-लेखन, दर वेळी नवी तारीख आणि पहाटेची रांग. मुलाची आई सकाळची पाळी बुडवून जाई. अखेर एका तरुण डॉक्टरबाईंनी आम्हां दोघांना समोर बसविले आणि म्हणाल्या, ‘बुद्धी उत्तम आहे. वाचनाचीच अडचण आहे. आणि लक्ष टिकत नाही तेही तो मुद्दाम करत नाही.’ मुलाची आई तिथेच रडू लागली. आम्हांस वाटले दुःखाने रडते आहे. खाली चहाच्या टपरीपाशी ती म्हणाली, ‘मुद्दाम करत नाही, एवढंच कोणीतरी सांगायला हवं होतं.’ आमचे रडणे दोन दिवसांनी आले आणि ते निराळ्या कारणाने आले. मनातल्या मनात आम्ही त्याला वकील केले होते. सिद्धार्थ विधी महाविद्यालयाच्या पायऱ्या चढताना पाहिले होते. तो मुलगा कधी नव्हताच, आणि तरीही त्याच्यासाठी शोक करावा लागला. ज्या आईबापांनी असा शोक केला आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. हा शोक चोरून करावा लागतो, कारण खरा मुलगा शेजारच्या खाटेवर झोपलेला असतो.

दोष कोणाचा, हा प्रश्न माणसाची पाठ सोडीत नाही. शास्त्रानेही या बाबतीत पाप केले आहे. अमेरिकेत १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे, विशेषतः ब्रुनो बेटेलहाइम यांच्या लेखनामुळे, आईच्या मायेला ऊब नसते म्हणून मूल आत मिटून जाते असे सर्वत्र मानले गेले. हजारो आयांना हे ऐकून घ्यावे लागले. त्याला पहिले जोरदार उत्तर १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी दिले. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि अशा एका मुलाचे वडील होते.

आपल्याकडे शास्त्राची गरज पडत नाही. ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’, हे वाक्य चाळीच्या नळावर फुकट मिळते. ते आपल्याही लोकांच्या तोंडी असते, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांत असते, याचे आम्हांस फार वाईट वाटते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना स्पष्टपणे नाकारली आहे. गरीब आणि हीनदीन लोकांच्या स्थितीची जबाबदारी समाजाच्या आणि राज्याच्या अंगावरून झटकून टाकण्यासच ती उपयोगी पडते, हा त्यांचा आक्षेप होता. मुलाच्या मेंदूच्या बाबतीतही तेच घडते. गतजन्म म्हटले की शाळा सुटली, शिक्षक सुटला, शेजारी सुटले. आई तेवढी अडकून राहिली.

चूळपंथकाची कथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. वसतिगृहात भन्तेजी ती आम्हांस सांगत, तेव्हा तिच्यातला कापडाचा तुकडाच लक्षात राहिला होता. राजगृहातल्या एका धनिक सेठाच्या मुलीने घरच्या दासाशी संसार मांडला, दोन मुले वाटेवर जन्मली म्हणून पंथक झाली. थोरला महापंथक बुद्धिमान, संघात मान पावलेला. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढचा शब्द घेतला की मागचा निसटे. थोरल्या भावाने त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले आणि जीवकाकडच्या भोजनाच्या यादीतून त्याचे नावही गाळले. पहाटे तो बाहेर पडत असता दाराशी भगवंत उभे होते. त्यांनी गाथा विचारली नाही. पांढरे कापड हातात दिले, उन्हाकडे तोंड करून बस, ते चोळीत राहा आणि ‘रजोहरणं’ म्हणत राहा, इतकेच सांगितले. चोळता चोळता कापड मळले, आणि अनित्यतेची जी गोष्ट शब्दांतून शिरत नव्हती ती बोटांतून शिरली. पुढचे चमत्कार आम्ही सोडून देतो. अट्ठकथेत त्याच्या मंदपणाचे कारणही दिले आहे. पूर्वजन्मी त्याने म्हणे एका मंद भिक्खूची थट्टा केली होती. ते कारण आम्ही बाबासाहेबांना स्मरून बाजूला ठेवतो. उपचार मात्र शिक्षक म्हणून आम्हांस आजही शिकण्यासारखा वाटतो. आणि अधिक लक्ष जाते ते महापंथकाकडे. तो दुष्ट नव्हता. भावाने शिकावे म्हणून चार महिने त्याने जिवाचे रान केले असणार. आमच्या ओळखीचा माणूस वाटतो तो.

१८९६ साली इंग्लंडमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय पत्रिकेत छापली. गणितात हुशार, अक्षर मात्र वाचता येईना. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत त्यांनी नोंदविले आहे. हे वाचताना आम्हांस आपले जलसे आठवले. ज्या समाजाला अक्षर नाकारले होते, त्याने इतिहास, उपहास, विद्रोह सारे तोंडी वाहून आणले. वामनदादा कर्डकांना तरुणपणापर्यंत वाचता येत नव्हते. मुंबईच्या चाळीत कोणीतरी पत्र वाचावयास दिले आणि ते वाचता आले नाही याची खंत त्यांनी पुढे सांगितली आहे. त्यांना अक्षर नाकारले गेले होते, त्यांची कोणतीही अक्षमता नव्हती. दोन्हींची गल्लत करू नये. पण तोंडी ज्ञानाला ज्ञान मानण्याची सवय आपल्याला इतरांहून अधिक असावयास हवी होती.

आपल्या परिसरात या वाटेवर आधी चाललेले लोक आहेत. शिवडीच्या टेकडीवरची जय वकील शाळा १९४४ साली एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केली. लालबागच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हापासून ती तिथे आहे. आमच्यातल्या किती जणांनी ती आतून पाहिली आहे?

आवाजाविषयीही बोलले पाहिजे, मग कोणी रागावले तरी चालेल. स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांना मोठा आवाज शब्दशः सहन होत नाही. लालबागच्या एका आईला आम्ही ओळखतो. गणपतीचे दहा-अकरा दिवस ती मुलाला घेऊन बदलापूरला बहिणीकडे जाऊन राहते. ढोलाचा पहिला ठोका पडला की तो खाटेखाली शिरतो आणि डोके भिंतीवर आपटतो. ती आपल्यातली नाही म्हणून आम्ही मंडळाच्या नावाने बोटे मोडीत होतो. तिने विचारले, ‘सर, तुमच्या चौदा एप्रिलला डीजे नसतो का?’ असतो. आमच्याच चाळीच्या पटांगणात असतो. खिडक्यांची तावदाने थरथरतात. ज्या महापुरुषाने पन्नास हजारांवर ग्रंथांसाठी दादरला राजगृह बांधले, त्याच्या जयंतीला आपल्याच वस्तीतले एखादे मूल कानांवर हात घेऊन संडासात कोंडून बसते. आम्ही मंडळाच्या बैठकीत हा विषय दोनदा काढला. पहिल्यांदा तरुण हसले. दुसऱ्यांदा, दुपारी दोन तास आवाज बंद, इतके मान्य झाले. तेवढे दोन तास ती मुले खाली पटांगणात येतात.

आता या शाळेविषयी. निवासी शाळेकडे पालक दोन कारणांनी येतात. घरी शिकण्याची सोय नाही, किंवा मूल घरी आवरत नाही. दुसऱ्या कारणाने येणारे पालक ते कारण सांगत नाहीत. ‘इथलं वातावरण चांगलं आहे’, असे म्हणतात. मुलाची पेटी पलंगाखाली सरकवून, डोळे पुसत ते एस.टी. पकडतात, आणि त्यांना थोडे हलकेही वाटते. त्या हलकेपणाची लाज त्यांना वर्षभर पुरते. प्रवेशाच्या वेळी आपण मुलापुढे पुस्तक धरून ‘वाच’ म्हणतो. जे वाचू शकत नाही ते तिथेच गळते. त्याऐवजी आधी एखादी गोष्ट ऐकवून ती सांगावयास लावावी. जे मूल सांगते छान पण वाचीत नाही, त्याला गाळू नये, उलट त्याच्या नावापुढे खूण करावी आणि तपासणीला पाठवावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. वसतिगृहात रात्री साडेनऊला काय चालते याची चौकशी विश्वस्तांनी स्वतः करावी. एका शिक्षकाला तरी विशेष शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. त्याचा खर्च माजी विद्यार्थी संघाने उचलावा, आमची वर्गणी या लेखासोबत धाडली आहे. आणि दाखल्याची लाज वाटणाऱ्या पालकांना एवढेच सांगावे की दाखल्याने मिळणाऱ्या जागेला भीक म्हणणाऱ्यांशी आपण दोन पिढ्या भांडत आलो आहोत. इथे त्यांची भाषा आपल्या तोंडी येऊ नये.

आमचा धाकटा दहावी लेखनिक घेऊन झाला, बावन्न टक्क्यांनी. मग आय.टी.आय. केले. आज वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो. उन्हाळ्यात त्याला जेवावयास सवड नसते. निरोप टंकून पाठवीत नाही, बोलून पाठवितो. गिऱ्हाइकाचा पत्ता वाचताना अजून अडतो, तेव्हा खालच्या दुकानदाराला विचारतो आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. सारे ठीक झाले असे मात्र नाही. बँकेचा अर्ज भरावयाचा असला की त्या दिवशी तो सकाळपासून चिडलेला असतो.

त्याच्याविषयी लिहावे का, असे आम्ही त्याला विचारले होते. तो म्हणाला, ‘लिहा. पण छापायच्या आधी मला वाचून दाखवा.’ गेल्या रविवारी रात्री हा मजकूर त्याला वाचून दाखविला. वरती थोबाडीत दिल्याचा उल्लेख आहे, तिथे आम्ही मुळात ‘एकदा’ असे लिहिले होते. तो म्हणाला, ‘पप्पा, एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी आजी गावाहून आलेली होती.’ आम्ही ती दुरुस्ती केली आहे.